उसाच्या मळ्याचे चित्र आणि थडग्यातला मणी: कॅरिबियन गुलामगिरीचे दृश्य पुरावे कसे वाचावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना कॅरिबियन बेटांवरील गुलामगिरी समजावून सांगण्यासाठी आपण चार गोष्टी जमवल्या आहेत: अँटिग्वातील ऊसमळ्याचे १८२३ मधील एक रंगीत छापचित्र, माणसे दाटीवाटीने भरलेल्या जहाजाचा तो प्रसिद्ध आराखडा, खाली ‘जमैकातील गुलाम’ अशी ओळ असलेले एक छायाचित्र, आणि जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने देऊ केलेली लोखंडी बेडी. यांतल्या कशावर किती भरवसा ठेवावा, असे आपण विचारले आहे. जुनी छापचित्रे आणि वस्तू यांच्या नोंदी तपासण्यात माझी पंचवीसेक वर्षे गेली असल्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. चारही गोष्टींना एकच माप लावता येत नाही, हे त्याचे एक कारण.

छायाचित्राचा निकाल सर्वांत सोपा, म्हणून तो आधी लावतो. ब्रिटिश वसाहतींमधील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला. अँटिग्वासारखे अपवाद सोडले, तर बहुतेक बेटांवर ‘उमेदवारी’च्या गोंडस नावाखाली त्याच माणसांना त्याच मालकांकडे आणखी चार वर्षे राबवून घेतले गेले आणि १ ऑगस्ट १८३८ रोजी तीही पद्धत संपली. लुई दागेर या फ्रेंच संशोधकाची छायाचित्रणाची रीत पॅरिसमध्ये उघड झाली ती ऑगस्ट १८३९ मध्ये. म्हणजे जमैकातील गुलामगिरीचे छायाचित्र अस्तित्वातच असू शकत नाही. डच सुरिनाममध्ये गुलामगिरी १८६३ पर्यंत आणि स्पॅनिश क्युबात १८८६ पर्यंत चालली, त्यामुळे तिथली छायाचित्रे मिळतात; पण जमैकाच्या नावावर फिरणारी बहुतेक चित्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, पर्यटकांना बेट नीटनेटके आणि कष्टाळू दिसावे म्हणून मुद्दाम मांडणी करून काढलेली असतात. त्रिनिदादमध्ये १८४५ पासून करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या भारतीय स्त्रियांची, अंगभर चांदीचे दागिने घातलेली पोस्टकार्डेही कधी कधी ‘गुलाम’ या शीर्षकाखाली खपवली जातात. आपले छायाचित्र दाखवायचेच असेल, तर ‘मुक्तीनंतरचे मजूर’ म्हणून दाखवावे.

अँटिग्वाच्या चित्राकडे मात्र सावकाश पाहायला हवे. ते विल्यम क्लार्क याच्या दहा चित्रांच्या संचातले आहे. लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या या संचाच्या मुखपृष्ठावरच लिहिले आहे की, चित्रकाराने वेस्ट इंडीजमध्ये तीन वर्षे राहून, ॲडमिरल टॉलमॅश यांच्या मळ्यांवर ही रेखाटने केली. ही ओळ विद्यार्थ्यांना चित्राच्या आधी वाचून दाखवावी. चित्रकार मळेवाल्याच्या जमिनीवर, त्याच्या परवानगीने आणि त्याच्या ओळखीपाळखीच्या गिऱ्हाइकांसाठी चित्रे काढत होता. त्यातही साल १८२३ आहे. त्याच वर्षाच्या जानेवारीत लंडनमध्ये गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्यासाठी नवी संस्था स्थापन झाली, मे महिन्यात पार्लमेंटात गुलामांच्या स्थितीविषयी ठराव झाले आणि ऑगस्टमध्ये डेमेरारा (आजच्या गयानाचा भाग) येथे हजारो गुलाम उठले. अशा वर्षी स्वच्छ कपड्यातल्या, शिस्तीत काम करणाऱ्या माणसांची चित्रे बाजारात येतात, तेव्हा त्यांच्याकडे निसर्गचित्रे म्हणून पाहता येत नाही.

तरीही हे चित्र खोटे म्हणून बाजूला टाकावे, असे मी म्हणणार नाही, कारण त्यातले काम खरे आहे. आपल्याकडचे चित्र उसासाठी खड्डे खणण्याचे आहे. कुदळी घेतलेल्या स्त्री-पुरुषांची लांबच लांब रांग, जमिनीवर आखलेले चौकोन, बाजूला नजर ठेवणारा मुकादम, मागे टेकडी आणि पवनचक्की. मळ्यांवरची माणसे टोळ्यांमध्ये विभागलेली असत. पहिल्या टोळीत धडधाकट प्रौढ, दुसरीत अर्धवट वयाचे, आणि तिसरीत गवत उपटणारी, जनावरांचा चारा गोळा करणारी मुले. पहिल्या टोळीत अनेक मळ्यांवर पुरुषांपेक्षा स्त्रियाच अधिक असत, आणि क्लार्कच्या चित्रात त्या रांगेत दिसतात. प्रत्येकाला दिवसाकाठी साठ ते शंभर खड्डे खणावे लागत. रांगेने खणायचे म्हणजे मागे कोण पडते हे मुकादमाला क्षणात कळते. ती सरळ रेषा चित्रकाराला सुंदर दिसली असेल, पण तिचा मूळ उपयोग हा होता. ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरलेल्या माणसाला ‘टोळी’ आणि ‘मुकादम’ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. मात्र इथे उचल फिटण्याचा प्रश्नच नव्हता, कारण माणूसच विकत घेतलेला होता.

याच संचात साखर उकळण्याच्या घराचे आतले चित्र आहे, आणि तेही जोडून दाखवावे, असे मी सुचवेन. कोल्हापूर-साताऱ्याकडचे गुऱ्हाळ ज्याने पाहिले आहे, त्याला त्या चित्रातले निम्मे आपोआप कळेल. तिथला चरक उभ्या तीन लाटांचा असे आणि तो वाऱ्यावर, पाण्यावर किंवा जनावरांच्या जोरावर फिरे. ऊस हाताने भरावा लागे. हात लाटांमध्ये ओढला गेला तर चरक पटकन थांबत नसे, म्हणून तो तोडण्यासाठी जवळच कोयता किंवा कुऱ्हाड ठेवलेली असे; समकालीन लेखकांनी हे नोंदवून ठेवले आहे. रस पुढे काहिलींच्या ओळीत जाई. आपल्याकडे साधारणपणे एक मोठी काहील असते. तिथे लागोपाठ चार-पाच, पहिली सर्वांत मोठी आणि शेवटची सर्वांत लहान व सर्वांत तापलेली. चुना टाकून मळी वर आणायची, ती काढायची, आणि आटत चाललेला रस पळ्याने पुढच्या काहिलीत ओतत जायचा. शेवटच्या काहिलीपाशी जो उभा असे, तो त्यांचा गुळव्या. अंगठा आणि बोट यांमध्ये पाकाची तार ओढून तो सांगे, आता उतरवा. त्याचा अंदाज चुकला तर सगळा घाणा वाया जाई. या कामात मालक, व्यवस्थापक, कारकून यांपैकी कोणाचेही त्याच्याशिवाय चालत नसे, आणि तरी मळ्याच्या हिशेबवहीत त्याची नोंद बैलांच्या आणि खेचरांच्या जवळपासच्या पानावर, किमतीसह केलेली असे.

क्लार्कच्या चित्रात हे घर उंच, हवेशीर आणि उजळलेले आहे. हंगामात उकळण्याचे काम रात्रंदिवस पाळ्यांनी चाले. एकदा तोडलेला ऊस ठेवला की रस बिघडतो. चित्रात रात्र नाही, धूर बेताचा आहे, घाम नाही. पेंगुळलेल्या माणसाच्या अंगावर उकळता पाक उडतो तेव्हा काय होते, तेही नाही. म्हणून माझा सल्ला असा की, या चित्रांवर अवजारांबाबत, कामाच्या क्रमाबाबत, इमारतींच्या रचनेबाबत बऱ्यापैकी भरवसा ठेवावा. माणसांच्या चेहऱ्यांबाबत, कपड्यांबाबत आणि एकंदर शांततेबाबत अजिबात ठेवू नये. मळेवाल्याला आपली यंत्रसामग्री अचूक दाखवून हवी होती, तिचा त्याला अभिमान होता. माणसांच्या बाबतीत त्याला अचूकतेची गरज नव्हती.

असाच एक दुसरा नमुना आपल्याला ओघात भेटेल, तो म्हणजे अगोस्तीनो ब्रुनियास. हा रोमचा चित्रकार. सप्तवार्षिक युद्धानंतर १७६३ च्या तहाने डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट, ग्रेनाडा आणि टोबॅगो ही बेटे ब्रिटनकडे आली, तिथल्या जमिनी विकण्यासाठी सर विल्यम यंग यांची नेमणूक झाली, आणि त्यांच्याबरोबर ब्रुनियास गेला. १७९६ मध्ये तो डॉमिनिकाच्या रोझो शहरातच वारला. त्याच्या चित्रांत चाबूक नाही आणि ऊसही जवळजवळ नाही. आहेत ते बाजार, नाच, नदीवरची धुणी, आणि ऐटीत चाललेल्या मुक्त मिश्रवंशीय स्त्रिया. जमिनी विकत घ्यायला येणाऱ्यांना बेट कसे दिसावे, याची ती जाहिरात होती असे म्हटले, तर ते अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे त्या स्त्रियांच्या डोक्यावर आहे. डॉमिनिकातील कापडबाजाराच्या त्याच्या चित्रात पट्टेरी आणि चौकडीची कापडे आणि डोक्याला बांधलेले रुमाल नीट पाहावेत. कोरोमंडल किनाऱ्यावर विणलेला चौकडीचा सुती रुमाल कॅरिबियनमध्ये ‘मद्रास’ याच नावाने रुळला, आणि आजही डॉमिनिका, सेंट लुसिया, मार्टिनिक, ग्वादलूप येथे पारंपरिक पोशाख त्याच कापडाचा असतो. भारतीय सुती कापडाचे दुसरे काम अधिक काळोखे होते. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात जो माल दिला जाई, त्यात कोरोमंडल आणि गुजरातचे कापड तसेच मालदीवच्या कवड्या यांचा वाटा मोठा होता. डोक्यावर जे कापड बांधले, त्याच जातीचे कापड आपल्या आजीच्या मोबदल्यात मोजले गेले, असे डॉमिनिकातल्या पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत खरे असेल.

आता जहाजाचा आराखडा. ‘ब्रूक्स’ हे लिव्हरपूलचे जहाज. १७८८ मध्ये सरकारने कॅप्टन पॅरी या आरमारी अधिकाऱ्याला लिव्हरपूलला पाठवून गुलामवाहू जहाजांची मापे घेतली, आणि त्या मापांवरून गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झटणाऱ्यांनी १७८९ मध्ये हे पत्रक लंडनला छापले. त्यावरचा मजकूर कोरडा आणि म्हणूनच भयंकर आहे: पुरुषाला ६ फूट लांब आणि १ फूट ४ इंच रुंद जागा, स्त्रीला ५ फूट १० इंच आणि रुंदी तेवढीच, मुलाला ५ फूट बाय १ फूट २ इंच, मुलीला ४ फूट ६ इंच बाय १ फूट. वर्गात खडूने फरशीवर ही मापे आखून दाखवा. चित्र दाखवण्याआधी आखा. जहाजावर किती गुलाम न्यावेत हे ठरवणाऱ्या नव्या कायद्याप्रमाणे या जहाजाला ४५४ माणसे नेता येत होती. आधीच्या एका सफरीत त्याने ६०९ नेली होती. म्हणजे आराखड्यात दिसणारी दाटी वास्तवापेक्षा कमी आहे, आणि हे पत्रक छापणाऱ्यांनी जाणूनबुजून केले, कारण विरोधकांना अतिशयोक्तीचा आरोप करायला जागा ठेवायची नव्हती. पुरावा म्हणून हा आराखडा पक्का आहे. त्याचा दोष दुसरीकडे आहे. त्यातली माणसे एकाच साच्यातून काढलेली, गप्प, समांतर पडलेली आहेत. कोणी कण्हत नाही, कोणी शेजाऱ्याशी बोलत नाही, कोणी कट करत नाही. प्रत्यक्षात अशा जहाजांवर बंडे होत होती, आणि म्हणूनच बेड्या लागत होत्या.

इंग्लंडमधील चिनी मातीच्या वस्तूंचा कारखानदार जोसाया वेजवुड याच्या १७८७ मधील प्रसिद्ध पदकाबाबतही माझी तक्रार हीच आहे. विल्यम हॅकवुड या त्याच्या कारागिराने घडवलेली, पांढऱ्या पार्श्वभूमीवरची काळी आकृती, साखळदंडात गुडघे टेकून हात जोडलेली, आणि वर इंग्रजीत प्रश्न: मी माणूस नाही का, तुमचा भाऊ नाही का? स्त्रिया ती पदके बांगड्यांत आणि केसांच्या पिनांत जडवून मिरवत. चळवळीला तिचा अतोनात उपयोग झाला, हे नाकारता येत नाही. पण उभा राहिलेला गुलाम त्या काळच्या चित्रांत कुठे दिसतो, हे शोधायला गेले की तो सापडतो मळेवाल्यांच्या बाजूच्या चित्रांत, शत्रू म्हणून. जमैकात १८३१ च्या नाताळात सॅम्युएल शार्प याच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला आणि तो चिरडताना तीनशेहून अधिक माणसांना मृत्युदंड दिला गेला. किंग्स्टनमधील अडॉल्फ दुपर्ली या शिलामुद्रकाने माँटपेलियर मळ्यावरच्या हल्ल्याचे चित्र छापले, त्यात बंडवाले दिसतात ते आगी लावणारे म्हणून. गंमत म्हणजे याच दुपर्लीने पुढे १८३८ च्या मुक्तिसोहळ्याचेही चित्र विकले. छापखाना गिऱ्हाइकाप्रमाणे वळतो.

बंडवाल्यांनी स्वतः काढलेले चित्र मिळेल का, असे आपले विद्यार्थी विचारतील, आणि त्यांनी विचारावेच. एक आहे, तेही दुसऱ्याच्या हातून उतरलेले. १४ एप्रिल १८१६ रोजी, ईस्टरच्या रविवारी, बार्बाडोसवर उठाव झाला. तो त्याचा पुढारी बुसा याच्या नावाने ओळखला जातो. तिथे हस्तगत झालेल्या एका निशाणाचे कच्चे रेखाटन लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्यात काळी माणसे आहेत, राजमुकुट आहे, आणि मोडक्या इंग्रजीत ब्रिटन आपल्या बाजूने उभा राहील अशा अर्थाची अक्षरे आहेत. ज्या राजाच्या सैन्याने त्यांना गोळ्या घातल्या, त्याच राजावर त्यांची मदार होती. मला विचाराल तर वेजवुडच्या पदकाशेजारी हे रेखाटन ठेवावे. एकात प्रश्न विचारणारा गुडघ्यावर आहे आणि दुसऱ्यात प्रश्न विचारणाऱ्यांनी शस्त्र हाती घेतलेले आहे, आणि दोघेही एकाच दरबाराकडे पाहत आहेत.

एका चित्राविषयी मात्र सावध करतो, कारण शोधाल तेव्हा ते पहिल्या पाचात येईल. कॅप्टन स्टेडमन हा सुरिनाममध्ये १७७३ ते १७७७ या काळात पळून गेलेल्या गुलामांच्या वस्त्यांविरुद्ध लढायला गेलेला सैनिक. त्याचा वृत्तांत १७९६ मध्ये लंडनला निघाला आणि त्यातली काही चित्रे कवी-चित्रकार विल्यम ब्लेकने तांब्यावर कोरली. बरगडीत आकडा घालून फाशीच्या खांबाला टांगलेला माणूस आणि झाडाला बांधून फटके मारलेली स्त्री, ही दोन त्यांतलीच. क्रौर्याचा पुरावा म्हणून ती अस्सल आहेत. पण उघड्या स्त्रीदेहाकडे पाहणाऱ्या अठराव्या शतकातील वाचकाची नजरही त्या कोरीवकामात उतरली आहे, आणि ती नजर चित्राबरोबर आपल्या वर्गातही येते. अशी चित्रे भाषणाच्या पहिल्या पानावर टाकून श्रोत्यांना हादरवण्याचा मोह होतो. मी ती टाकत नाही. स्टेडमनने जमवलेली दुसरी एक वस्तू आज नेदरलँड्समधील लायडेनच्या संग्रहात आहे: भोपळ्याचे खोकड आणि वर ताणलेले कातडे असलेले ‘क्रिओल बानिया’ हे तंतुवाद्य, आज शिल्लक असलेल्या बॅन्जोंपैकी सर्वांत जुने मानले जाणारे. तेच दाखवावे. फटक्यांच्या पलीकडे त्या माणसांची संध्याकाळही होती, हे त्यावरून कळते.

बेडीबाबत माझे उत्तर सरळ आहे: घेऊ नका. जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘गुलामांची बेडी’ म्हणून जे लोखंड विकले जाते, त्यात तुरुंगातले साखळदंड, जनावरांची दावी आणि हल्लीच गंजवलेले नवे काम असे सगळे असते. लोखंडाकडे नुसते पाहून ते कोणाच्या पायात होते, हे सांगता येत नाही. सांगता येते ते फक्त ते कुठून, कोणत्या थरातून, कशाबरोबर निघाले यावरून. तशी एक जागा आहे. ‘हेन्रिएटा मरी’ हे लंडनहून निघालेले जहाज १७०० मध्ये जमैकात सुमारे १९० माणसे विकून परतताना फ्लोरिडाच्या टोकाजवळ बुडाले. १९७२ मध्ये त्याचे अवशेष सापडले आणि पुढे १९८३ मध्ये जहाजाचे नाव व १६९९ हे साल कोरलेली घंटा वर आली. त्या अवशेषांत ऐंशीहून अधिक जोड बेड्या निघाल्या: लोखंडी दांडा आणि त्यात ओवलेल्या दोन कड्या, म्हणजे एकाचा उजवा पाय आणि शेजाऱ्याचा डावा पाय एकत्र. त्यांत काही कड्या इतक्या लहान आहेत की, त्या प्रौढ माणसाच्या घोट्याला बसूच शकत नाहीत. या बेड्यांची छायाचित्रे वापरता येतात. विक्रेत्याकडची बेडी खरी निघाली तरी तिच्याजवळ घंटा नाही.

मराठी श्रोत्यांसमोर बोलताना एक वस्तू मी वगळणार नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये निळ्या काचेचे एक साखरेचे भांडे आहे, १८२० च्या दशकाच्या आसपासचे, त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिले आहे: ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न बनवलेली. वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्कार घालणाऱ्या घरांत चहाच्या टेबलावर हे ठेवले जाई, म्हणजे पाहुण्यांना यजमानांची नीती चहा ढवळतानाच कळे. लंडनच्या पेकहॅम भागातील एका चिनी मातीच्या दुकानाच्या जाहिरातीत तर हिशेबच मांडला होता की, आठवड्याला पाच पौंड साखर खाणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ईस्ट इंडियाची साखर वापरली, तर एका माणसाची गुलामगिरी किंवा हत्या टळेल. या प्रचारात जेम्स क्रॉपरसारखे प्रामाणिक गुलामगिरीविरोधक होते, आणि क्रॉपर स्वतः ईस्ट इंडियाशी व्यापार करणारे लिव्हरपूलचे व्यापारीही होते. पण त्या सोनेरी अक्षरांत एक गोष्ट बसत नाही. १८३३ च्या मुक्तीच्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख स्पष्टपणे वगळला होता, आणि भारतातील गुलामगिरीला कायद्याचे पाठबळ नाकारणारा पाचवा कायदा आला तो १८४३ मध्ये. पेशवाईतल्या कागदपत्रांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत, किंवा १५९६ मध्ये छापलेल्या लिन्स्खोटेनच्या प्रवासवर्णनातले गोव्याच्या रस्त्यावरील लिलावाचे चित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ‘गुलामांनी न बनवलेली’ या दाव्याकडे जरा तिरकेच पाहावे लागते.

शेवटी त्या वस्तूकडे येतो, जी आपल्या चार गोष्टींत नाही आणि असायला हवी. बार्बाडोसच्या दक्षिणेला, क्राइस्ट चर्च परगण्यात, न्यूटन नावाचा ऊसमळा होता. १९७१ ते १९७३ या काळात जेरोम हँडलर आणि फ्रेडरिक लँग यांनी तिथली गुलामांची दफनभूमी खणली. दगड नाही, नाव नाही, नुसते उंचवटे. सांगाड्यांच्या दातांवर बालपणीच्या उपासमारीचे आडवे ओरखडे होते आणि हाडांमध्ये शिशाचे प्रमाण भलतेच जास्त निघाले. त्याचा एक मोठा उगम शिशाची उपकरणे वापरून गाळलेली रम असावी, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. क्लार्कच्या संचात रमच्या भट्टीचीही चित्रे आहेत, तीही तितकीच नीटनेटकी. ते शिसे कोणत्याही चित्रकाराला दिसले नसते. पण मळेवाल्याच्या चित्राला प्रत्युत्तर द्यायचे तर ते या हाडांकडूनच मिळते.

बहुतेक थडग्यांत वस्तू फारशा नव्हत्या. ७२ क्रमांकाच्या थडग्यात मात्र होत्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस किंवा अठराव्याच्या आरंभी पुरलेला हा उतारवयाचा पुरुष. अंगावर धातूची कडी आणि अंगठ्या, जवळ लोखंडी सुरी, पश्चिम आफ्रिकी घडणीची मातीची चिलीम, आणि गळ्यात एक माळ: सात कवड्या, भोके पाडलेले कुत्र्याचे सुळे, माशाचे मणके, काचेचे मणी, आणि त्या सगळ्यांत उठून दिसणारा तांबूस-नारिंगी अकीकाचा एक मोठा मणी. हा माणूस वैदू किंवा देवऋषी असावा, असे हँडलर यांचे मत आहे आणि ते पटण्यासारखे आहे. तो मणी खंबायतचा. भरूचजवळच्या रतनपूर परिसरातून अकीकाचे खडे आणायचे, रंग तांबडा व्हावा म्हणून मडक्यात घालून भट्टीत तापवायचे, टवके काढून आकार द्यायचा, घासायचे, आणि दोन्ही बाजूंनी भोक पाडत मध्ये ते जुळवायचे, अशी ती जुनी कारागिरी. असे मणी शतकानुशतके अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जात होते, आणि पुढे युरोपीय कंपन्यांनीही ते पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सौद्यात वापरले. कवड्या मालदीवच्या समुद्रातल्या. एका गुलामाच्या गळ्यात हिंदी महासागराचा निम्मा व्यापार ओवलेला होता, आणि त्याने तो व्यापाराचा माल राहू दिला नव्हता. कुत्र्याचे सुळे आणि माशाचे मणके जोडून त्याने त्याचे आपल्या विद्येचे साधन केले होते.

म्हणून भाषणाची सुरुवात मण्याने करावी, मग क्लार्कची दोन चित्रे, मग फरशीवर आखलेली जहाजाची मापे, असा क्रम मी ठेवला असता. मण्याखालच्या ओळीत माणसाचे नाव लिहिता येणार नाही. न्यूटन मळ्याचे कागद लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउस ग्रंथालयात आहेत आणि त्यांत १७९६ ची, प्रत्येकाच्या नावानिशी केलेली यादीही आहे. पण ७२ क्रमांकाचा माणूस त्या यादीच्या कितीतरी आधी मातीत गेला होता. ओळ एवढीच लिहावी: अकीकाचा मणी, घडण खंबायत, एका गुलाम केलेल्या पुरुषाच्या गळ्यातला, न्यूटन मळा, बार्बाडोस, सुमारे १७००.